तोंडावर बोलणाऱ्यांचा मुलूख

रात्रीचे अकरा वाजून गेले तरी दुसरी पार्टी आली नव्हती. एप्रिल संपत आलेला, घाटंजीकडच्या एका गावात भीमजयंतीचा कार्यक्रम. पहिल्या पार्टीचा पेटीवाला उगाच एक सूर धरून भाता हलवत बसला होता. बाया चादरी, पाण्याच्या बाटल्या आणि अर्धवट झोपेतली लेकरं घेऊन आल्या होत्या, त्यामुळं उठून जायचा प्रश्नच नव्हता. मंचामागच्या बॅनरवर दोन फोटो, दोघांच्या मधून कडाडणारी विजेची रेघ, आणि खाली ठळक अक्षरांत ‘कव्वालीचा दुय्यम सामना’.

शेवटी एक गाडी धुरळा उडवत आली. ढोलक, पेटी, बेंजो, मग माणसं असं एकेक खाली उतरलं. पहिल्या पार्टीचा गायक मंचावरून खाली आला, उतरणाऱ्याच्या हातातली पेटी त्यानं स्वतः घेतली आणि वर नेऊन ठेवली. दोघांनी हात मिळवले, ‘जय भीम’ झाला, घोट घोट चहा झाला. तासाभरानं हाच माणूस माइकवरून गावाला सांगत होता, की समोरच्या पार्टीचं गाणं सुरू झाल्यापासून गावातल्या म्हशींनी पान्हा चोरलाय, उद्या सकाळी दुधाची भरपाई कमिटीनं याच्याकडून घ्यावी. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मांडीवर टाळी देत हसत होता, आणि हसता हसता त्याचे ओठ हलत होते. तो उत्तराचं यमक जुळवत होता.

मी तिथं पोचलो ते संपादकांच्या विषयामुळं. या वर्षीच्या अंकाचं सूत्र त्यांनी कळवलं: मोठ्या पियानोवादकांमधली चुरस, त्यांनी एकमेकांना हाणलेले टोले, आणि आपल्याकडं त्याच्या जवळपास जाणारं काय. यवतमाळ जिल्ह्यात पियानोच्या मैफली होत नाहीत. इथं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं फिरतात ती पेटीवर, आणि टोले म्हणाल तर त्याला वाद्य लागतंच असं नाही.

पियानोला तोंड नसतं

युरोपातल्या पियानोवाल्यांच्या गोष्टी वाचायला घेतल्या की आधी हे ध्यानात येतं की ही मंडळी समोरासमोर फारसं बोललीच नाहीत. जे बोलली ते पत्रात, जिन्यात, नाहीतर मित्राच्या कानात.

24 डिसेंबर 1781 ला व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफनं मोझार्ट आणि मुझिओ क्लेमेंटी यांना पाहुण्यांसमोर एकमेकांविरुद्ध बसवलं. दरबाराची अदब सांभाळून दोघांनी वाजवलं. मग मोझार्टनं वडलांना पत्र लिहिलं, की या माणसाकडं रसिकता दमडीचीही नाही, निव्वळ यंत्र आहे. पुढच्या एका पत्रात तर त्यानं समस्त इटालियनांसकट क्लेमेंटीला भोंदू ठरवून टाकलं. क्लेमेंटी मात्र मोझार्टच्या वाजवण्याची तारीफच करत राहिला. तरी हिशेब त्यानंही ठेवला. त्या रात्री त्यानं वाजवलेल्या सोनाटाचा मुखडा दहा वर्षांनी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’च्या सुरुवातीच्या संगीतात दिसला. क्लेमेंटीनं आपला सोनाटा पुन्हा छापला तेव्हा त्यावर टीप घातली: हा आपण सम्राटापुढं, मोझार्टच्या देखत, त्या ऑपेराच्या दहा वर्षं आधी वाजवला होता. शिवी नाही, विशेषण नाही, फक्त तारखेचा पुरावा. मला या दोघांत क्लेमेंटीचा टोला जास्त आवडतो.

बेथोव्हेनची तऱ्हा वेगळी. 1800 मध्ये डॅनियल स्टायबेल्ट नावाचा त्या काळचा गाजलेला वादक व्हिएन्नात आला आणि एका सरदाराच्या घरी त्यानं बेथोव्हेनला डिवचलं. आठवड्यानं पुन्हा बैठक झाली. बेथोव्हेन उठला, स्टायबेल्टच्या रचनेतला चेलोचा कागद जाता जाता उचलला, पियानोवर उलटा लावला आणि त्यातले सुरुवातीचे सूर एका बोटानं ठोकून दाखवले. मग त्याच चार सुरांवर तो वाजवत सुटला. त्याचा शिष्य फर्डिनांड रीस सांगतो, की ते संपायच्या आतच स्टायबेल्ट खोलीतून निघून गेला, आणि पुढं जिथं बेथोव्हेन असेल तिथं तो यायला तयार नसे.

फ्रान्झ लिस्ट आणि सिगिसमुंड थालबर्ग यांची चुरस सगळ्यांत जास्त सांगितली जाते. थालबर्ग दोन्ही अंगठ्यांनी मधली चाल काढायचा आणि उरलेल्या बोटांनी तिच्या वरखाली सुरांची कारंजी उडवायचा. ऐकणाऱ्याला वाटे, याला तीन हात आहेत. लिस्टनं 1837 च्या जानेवारीत पॅरिसच्या संगीतपत्रात त्याच्या रचनांची सालं काढली. त्याच वर्षी 31 मार्चला बेल्जिओयोसो या राजकन्येनं इटलीतून परागंदा झालेल्यांच्या मदतीसाठी आपल्या दिवाणखान्यात दोघांनाही वाजवायला बोलावलं, तिकीट 40 फ्रँक. निकाल काय, असं विचारल्यावर तिनं दिलेलं म्हणून जे उत्तर प्रसिद्ध आहे ते असं: थालबर्ग जगातला पहिला पियानोवादक, आणि लिस्ट एकमेव. दोघांनाही फुलं मिळाली, दोघांनाही काटा टोचला. यांच्याबद्दलची दुसरी कथा अशी की लिस्टनं एकत्र कार्यक्रमाची गोष्ट काढली तेव्हा थालबर्ग म्हणाला, मला साथीला कुणी लागत नाही.

लिस्टचाच शागीर्द मॉरिट्झ रोझेन्थाल हा तर टोल्यांसाठीच ओळखला जातो. आर्थर श्नाबेल फौजेच्या तपासणीत नापास झाला हे कळल्यावर हा म्हणे उद्गारला, होणारच, त्याला बोटं कुठं आहेत! आणि 27 ऑक्टोबर 1917 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सोळा वर्षांच्या यासा हायफेट्झनं व्हायोलिन वाजवलं तेव्हा श्रोत्यांत बसलेला व्हायोलिनवादक मिशा एलमन घाम पुसत म्हणाला, फार उकडतंय. शेजारी पियानोवादक लिओपोल्ड गोडोव्हस्की होता. तो म्हणाला, पियानोवाल्यांना नाही उकडत.

यातल्या काही गोष्टी तोंडोतोंडी घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, पण त्यांचा घाट एकच आहे. पियानोला तोंड नाही. वाजवणाऱ्याला जे म्हणायचं ते सुरांत पुरतं मावत नाही, मग ते दालनाबाहेर सांडतं. घाटंजीच्या मंचावर सांडायला जागाच नव्हती. जे बोलायचं ते माइकवर, ज्याला बोलायचं तो चार हातांवर, आणि त्याची पाळी पुढचीच.

पट्टी चढवून ठेवतो

दुय्यम सामना, म्हणजे दोन पार्ट्यांची आमनेसामने जुगलबंदी, वरून धिंगाण्यासारखा दिसतो, पण त्याची रीत ठरलेली असते. सुरुवातीला दोन्हीकडून वंदना. बुद्ध, फुले, बाबासाहेब. या भागात कुणी कुणाला डिवचत नाही. त्यानंतर एकेक गाणं आपापलं, आवाज तापवायला आणि गर्दीचा अंदाज घ्यायला. खरा खेळ त्यापुढं. एक पार्टी गाण्याच्या मध्ये शेर टाकते, शेराच्या शेपटाला सवाल बांधते आणि गाणं सोडून देते. दुसऱ्या पार्टीनं तो सवाल उचलायचा, जवाब द्यायचा आणि आपला सवाल टाकून मोकळं व्हायचं.

सवाल बरेचदा इतिहासाचे असतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या तारखेला, काळाराम मंदिराचा कधी, पुणे करारावर सह्या कधी झाल्या. त्या रात्री एका गायकानं आवेशात काळारामाचा सत्याग्रह 1927 मध्ये नेऊन ठेवला. 1927 चा मार्च हा महाडच्या चवदार तळ्याचा, काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला 2 मार्च 1930 ला. समोरच्यानं लगेच पकडलं नाही. गाणं पूर्ण होऊ दिलं, टाळ्या होऊ दिल्या, मग हळूच पेटीवर हात ठेवून गावाला विचारलं, “काहो, याले शाळेत कोन्या मास्तरनं शिकोलं?” मांडवात खसखस पिकली. त्यानं तीन वर्षांचा हिशेब चालीत मांडून दाखवला आणि वर सल्ला दिला, की मानधनातून एक पुस्तक घे. म्हशीच्या टोल्यावर खदखदून हसलेला माणूस या टोल्यावर हसला नाही. त्यानं पाणी मागवलं. गळ्यावरून, रंगावरून, पोटावरून काहीही बोललेलं चालतं. तारीख चुकली की मात्र लागतं, कारण पुढं बसलेल्या म्हातारीलाही ती तारीख पाठ असते.

या गाण्याच्या मागं मोठी परंपरा उभी आहे. सत्यशोधकी जलसे, मग आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक. विदर्भात नागपूरच्या नागोराव पाटणकरांचं नाव आजही गायक कानाला हात लावून घेतात. सामन्याचा बाज मात्र कव्वालीच्या फडातून आला. युसूफ आझाद आणि रशिदा खातून यांच्या मुकाबल्यांच्या रेकॉर्डी एके काळी लाउडस्पीकरवर वाजत, ‘पुतलीबाई’ या 1972 च्या सिनेमात तर दोघांचा मुकाबलाच आहे. त्याहीआधी आपल्याकडं कलगी-तुऱ्याचे फड होतेच. शक्ती मोठी म्हणणारे कलगीवाले, शिव मोठा म्हणणारे तुरेवाले, आणि डफ-तुणतुण्यावर रात्रभर एकमेकांना कोड्यात पकडणं. अनंत मानेंच्या ‘सवाल माझा ऐका!’नं 1964 मध्ये हा सवाल-जवाब पडद्यावर नेला तेव्हा विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्याच्या प्रेक्षकाला त्यात नवं काही नव्हतं.

आता पेटीवाल्याकडं वळू, कारण हा लेख निघाला तो पट्ट्यांवरून. गायकाचा टोला सगळ्यांना कळतो, पेटीवाल्याचा फक्त पेटीवाल्यांना. पुरुष गायकाची पट्टी खालची, बाईची वरची. सामना बाई-पुरुषाचा असेल तर समोरच्याच्या चालीला त्याच चालीत उत्तर देताना पेटीवाल्याला सगळी बोटं दुसऱ्या पट्टीवर हलवावी लागतात, तीही टाळ्या विरायच्या आत. दोन्ही पुरुष असले तर खोडी वेगळी. शेवटच्या अंतऱ्यात मुद्दाम पट्टी चढवून ठेवायची. समोरच्यानं तीच उचलली तर वरच्या षड्जावर त्याचा गळा फाटतो, खाली आणली तर गाव म्हणतं, उतरला. त्या रात्री दुसऱ्या पार्टीच्या पेटीवाल्यानं तिसरीच वाट काढली. बारीक, पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. त्यानं समोरच्यांची नुकतीच गाजलेली चाल जशीच्या तशी वाजवली, फक्त लय अर्धी केली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी भाता किंचित सैल सोडला. चाल दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. एक शब्द न बोलता त्यानं पार्टीच्या पार्टी म्हातारी करून दाखवली. ढोलकवाल्याला आधी कळलं, त्यानं ठेका लंगडा केला, मग मांडवाला कळलं. उलटा लावलेला चेलोचा कागद मला तिथं आठवला.

पेटीनं स्वतःही अपमान पुष्कळ सोसलाय. मिंडीला जागा नाही, श्रुती ठरीव, परदेशी खोकं, असे आक्षेप घेत ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये तिला स्टुडिओबाहेर काढलं आणि 1971 नंतरच दार थोडं थोडं किलकिलं केलं. रेडिओबाहेर मात्र नाटक, कीर्तन, भजन, कव्वाली सगळं तिच्यावरच चाललं होतं. 1911 च्या ‘मानापमाना’च्या चाली ज्यांनी दिल्या ते गोविंदराव टेंबे मुळात पेटीचेच नामांकित वादक. आता तिच्यावर नवं संकट आलंय ते ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचं. सामन्यात बसलेली विशी-बाविशीची पोरं कीबोर्डवर बटण दाबून सनई काढतात, बासरी काढतात, हवा तर पियानोही काढतात. संपादकांना हवा तो पियानोवादक यवतमाळात सापडतो तो असा.

तोरणाखाली

पोळ्याला टोल्यांची दुसरी जात ऐकायला मिळते. इथं गायक पेशाचा नसतो, वाद्य म्हणजे डफडं आणि ताशा, आणि चुरस बैलांच्या नावानं चालते.

श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात. पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, अंगावर रंगाचे ठिपके, दाराला पळसाच्या डहाळ्या. दुपार कलली की गावच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली जोड्या उभ्या राहतात. मानाची जोडी आधी, बाकीच्या मागं. मग डफडं थांबतं, एक जण हात वर करतो आणि झडती सुरू होते.

झडती म्हणजे चार-सहा यमकी ओळींचा तडाखा. गायची नाही, म्हणायची पण नाही, फेकायची. शेवटी गौरा-पार्वतीला नमन करून महादेवाचा गजर झाला की सगळं आखर ओरडतं, डफडं-ताशा एकदम फुटतात, आणि तेवढ्या गोंगाटात पलीकडच्या बाजूचा माणूस आपली झडती मनात लावून घेतो. त्याला मिळतो तो वेळ एवढाच. आर्णीकडच्या एका गावी मी एका म्हाताऱ्याच्या मागं उभा होतो. समोरच्यानं त्याच्या जोडीवर झडती टाकली: बैल असे वाळलेत की झुलीला पाठ सापडेना आणि मालकाला बैल. म्हातारा वाजणाऱ्या ताशाकडं बघत बोटावर काहीतरी मोजत होता. ताशा थांबताच त्यानं उत्तर फेकलं. त्याचा आशय असा, की माझे बैल माझ्या घरचं खाऊन वाळलेत, तुझे सावकाराच्या पेंडीवर फुगलेत, दिवाळीला कोण कुणाच्या गोठ्यात असेल ते बघू. आखर हलून गेलं. ज्याच्यावर टोला पडला तो माणूसही ओरडण्यात सामील झाला, कारण गजर महादेवाचा होता, त्याला नाही म्हणता येत नाही.

या रचनेतली खुबी इथं आहे. प्रत्येक टोल्याच्या शेवटी देवाचं नाव येतं आणि टोला खाणाऱ्यालाही ते मोठ्यानं घ्यावं लागतं.

झडत्यांचे विषय पूर्वी पुराणातले आणि घरगुती, आता बँक, पीकविमा, कापसाचा भाव, सोयाबीनवरचा रोग, मतं मागून गेलेले पुढारी. याच आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 20 मार्च 2014 ला नरेंद्र मोदींनी शेतकऱ्यांबरोबर ‘चाय पे चर्चा’ केली होती. शेतकरी आत्महत्यांमुळं देशभर नाव झालेल्या जिल्ह्यात कुणी काय सांगून गेलं याची यादी लोकांच्या डोक्यात असते आणि पोळ्याला ती यमकात बाहेर पडते. मंचावर आमदार असला तरी त्याला ऐकून घ्यावं लागतं, वर बक्षीसही द्यावं लागतं. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांबरोबर बडग्यांचे पुतळे निघतात आणि त्यांवर अशाच नेमबाज पाट्या असतात, पण बडग्याला उलट उत्तर देता येत नाही. झडतीला येतं. म्हणून मला झडती वरची वाटते.

होळीला पुसद, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर लेंगी असते. गोरबोलीतल्या या गाण्यांमध्येही तांड्याला तांडा आणि बायांना गडी भिडतात. ते ऐकायला गोरबोली यावी लागते, मला ती कानापुरतीच येते, म्हणून लेंगीवर जास्त बोलायचा हक्क मला नाही. एवढं दिसलं, की बायकांचा आवाज तिथं वरचढ होता आणि हातातल्या काठ्याही.

कुणी कुणाला बोलावं

हे सगळं गोडगोड नाही. मानाची जोडी कुणाची यावरून पोळ्यात डोकी फुटतात, काही गावांत तोरणाजवळ पोलीस उभे असतात. मानकरी पाटील असतो, त्याला झडती ऐकवता येते, पण त्याच्या आधी तोरणाखालून जाता येत नाही. शब्दांची मुभा आहे, जागेची नाही. मागच्या रांगेतल्या जोडीचा मालक कितीही तिखट झडती टाको, निघताना तो मागच्या रांगेतूनच निघतो. आणि जे बैल त्यानं वर्षभर वळले ते त्याचे नसून मालकाचे असतील, तर घरोघर फिरवून जो बोजारा मिळेल तेवढाच सण त्याच्या वाट्याचा.

कव्वालीत दुखणं दुसरं आहे. बाई-पुरुष सामन्यात पहाटे दोनच्या पुढं टोले घसरतात. पुरुष गायकाला दुहेरी अर्थाचं एक वाक्य पुरतं, पोरं शिट्ट्या मारतात, बक्षिसं येतात. बाईनं त्याच भाषेत फेड केली की तीच पोरं तिला नावं ठेवतात. मी ऐकलेल्या एका गायिकेनं यावर नामी उपाय केला. समोरच्याचं घसरलेलं वाक्य तिनं शांतपणे माइकवर पुन्हा उच्चारलं आणि म्हणाली, “दादा, हे वाक्य तुमच्या मायबहिणीसमोर एकदा म्हना, मंग मी जवाब देतो.” वऱ्हाडी बाया ‘देतो’च म्हणतात. पुढच्या रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि गायकाला विषय बदलावा लागला. हल्ली बऱ्याच कमिट्या पत्रिकेवर ‘प्रबोधनपर’ असा शब्द घालतात. तो घातल्यानं काय थांबतं हे पहाटे दोनला कळतं.

आणि ज्या जिल्ह्यात आमदाराला तोंडावर ऐकवायची रीत आहे, तिथंच 2019 च्या जानेवारीत काय झालं तेही विसरता येत नाही. यवतमाळात 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्षा अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. त्या काय बोलतील याची धास्ती. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, ज्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती. पंगत उठली, पाहुणे गेले, पण त्या जानेवारीत मला राहून राहून वाटत होतं की निमंत्रण परत घेणाऱ्यांनी एकदा पोळ्याला आखरावर उभं राहून बघायला हवं होतं.

याच मातीतले दोन कवी मंचावर असते तर त्यांनी यावर काय केलं असतं, हाही विचार येतो. बोरी अरबचे शंकर बडे 2016 मध्ये गेले, नेर तालुक्यातल्या धनज-माणिकवाड्याचे मिर्झा रफी अहमद बेग 2024 मध्ये. दोघंही वऱ्हाडीत बोलत, समोरच्या रांगेतल्या बड्या असामीला नाव न घेता उभं करत, आणि ती असामी सगळ्यांत मोठ्यानं हसे.

वैऱ्याचा खर्च

सामन्याला पैसा लागतो आणि तो बहुतेक वर्गणीचा असतो. हे पॅरिसलाही होतं. लिस्ट-थालबर्ग एका छताखाली आले ते परागंदा इटालियनांसाठी. आपल्याकडं बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड बघत नसत, ते दोघं एका रंगभूमीवर आले 8 जुलै 1921 ला, मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी. संयुक्त ‘मानापमान’. गंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. दोन तंबूंतल्या या माणसांनी मंचावर एकमेकांना सांभाळून घेतलं, जे काय वार करायचे ते प्रेक्षकांनी आधी करून ठेवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले आणि ती जोडी संपली.

घाटंजीच्या कमिटीनं घरटी वर्गणी काढली होती. दोन्ही पार्ट्यांचं मानधन सारखं ठरलेलं, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. यात कमी-जास्त केलं तर पार्टी येत नाही, कारण कमी घेणारा मंचावर चढायच्या आधीच हरलेला असतो. वरकमाई बक्षिसाची. कुणी शंभराची नोट दिली की निवेदक देणाऱ्याचं नाव पुकारतो, आणि तेच त्या घटकेचं गुणपत्रक. समोरच्या पार्टीला दोन नोटा जास्त गेल्या की इकडच्या गायकाचा आवाज चढतो. एका जाणत्यानं मला सांगितलं, की बक्षीस कुणाला किती पडलं ते सकाळी दोघंही एकमेकांना विचारत नाहीत, आणि दोघांनाही ते माहीत असतं.

पहाटे साडेचारला सामना संपला. निकाल लागला नाही, लागत नसतोच. कमिटीनं दोघांना सारख्याच शाली आणि सारखेच नारळ दिले. मांडवात झोपलेली लेकरं उचलून बाया निघाल्या. मंचाच्या मागं दोन्ही पेटीवाले शेजारी बसून पोहे खात होते आणि भात्याला नवं चामडं कुठं मिळतं यावर बोलत होते. मी त्या धापा टाकणाऱ्या चालीबद्दल विचारलं तेव्हा ज्याच्यावर ती उलटली होती तोच आधी बोलला: “मस्त काढली ना बे त्यानं! मले सुचली पायजे होती.”

अडचण पुढची आहे. आता कमिट्या डीजे आणतात. खर्च कमी, झंझट नाही, आणि डीजे तारीख चुकवत नाही कारण तो तारीख सांगतच नाही. सामन्याची बुकिंगं घटली की त्याचा फटका एकेकट्या गायकाला नाही, जोडीला बसतो. जमलेल्या जोडीतल्या एकानं गाणं सोडलं, आजारी पडला, पुण्याला वॉचमन म्हणून गेला, की दुसऱ्याचीही कामं बंद पडतात. एकट्याचा कार्यक्रम ठेवायला कुणी पैसे देत नाही. तो बारीक पेटीवाला आणि त्याचा गायक अशाच खोळंब्यात दोन हंगाम घरी बसले होते, त्या आधीचा त्यांचा जोडीदार गळ्याच्या दुखण्यानं थांबला म्हणून. मी निघताना त्यानं माझा नंबर घेतला आणि सांगून ठेवलं, की वर्ध्याकडं, अमरावतीकडं कुठं चांगली पार्टी ऐकण्यात आली तर कळवा. कशी पाहिजे, विचारलं. “शिव्या कितीही देनारी चालते,” तो म्हणाला, “फक्त काळी दोनच्या खाली नको. मले खाली उतरून भांडता येत नाही.”